कोडापेक्षा कॉमेंट मोठी

एडा लव्हलेस हे नाव आपल्याला भेटतं ते प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणात. एक छोटी चौकट, त्यात झालरीचा झगा घातलेल्या बाईचं चित्र आणि खाली ‘जगातली पहिली प्रोग्रॅमर’ एवढी एक ओळ. शेजारी चार्ल्स बॅबेज यांचं चित्र, खाली ‘संगणकाचे जनक’. ओरलला विचारलं तर दोन वाक्यं सांगायची आणि पान उलटायचं. माझ्या माहितीत हॉस्टेलवर असा कोणी नाही ज्याने त्या चौकटीच्या पुढे काही वाचलं असेल. मी वाचलं, त्याला कारण होतं कॉमेंट. ते कारण पुढे येईलच. आधी बाईंची ओळख करून घेऊ.

ऑगस्टा एडा बायरन हिचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील लॉर्ड बायरन, त्या काळातले इंग्लंडमधले सर्वांत गाजलेले आणि सर्वांत बदनाम कवी. आई ॲनाबेला मिलबँक, श्रीमंत घरातली, शिस्तीची आणि गणिताची आवड असलेली. बायरन तिला थट्टेने समांतरभुज चौकोनांची राजकन्या म्हणायचे. अशा जोडप्याचं काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको! एडा जेमतेम महिन्याची असताना आई तिला घेऊन माहेरी निघून गेली. १८१६ च्या एप्रिलमध्ये बायरननी इंग्लंड सोडलं ते कायमचं. १८२४ साली ग्रीसमध्ये ते वारले तेव्हा एडा आठ वर्षांची होती. वडील तिला कळत्या वयात कधी दिसलेच नाहीत. घरात त्यांची तसबीर होती, पण ती पडद्याआड झाकून ठेवलेली असे आणि एडा मोठी होईपर्यंत तो पडदा काही उघडला नाही, असं सांगतात.

आईच्या मनात एकच धास्ती होती, की मुलगी बापाच्या वळणावर जाईल. त्यावर तिने काढलेला उपाय आपल्याकडच्या पालकांनाही पटेल. मुलीला गणित शिकवायचं! कवितेचा ताप उतरवायला गणिताचा काढा. शिक्षक घरी यायचे, वेळापत्रक घट्ट असायचं, नीट बसली नाही तर शिक्षा व्हायची. गंमत अशी की औषध लागू पडलं आणि रोगही गेला नाही. बाराव्या वर्षी एडाच्या डोक्यात उडण्याचं यंत्र शिरलं. पक्ष्यांच्या पंखांचा आणि शरीराचा अभ्यास करून तिने पंखांची मापं काढली, ते कशाचे करावेत याचा विचार केला आणि पुढे वाफेवर चालणाऱ्या उडत्या घोड्यापर्यंत मजल मारली. याला बापाची कल्पनाशक्ती म्हणायचं की आईची मोजपट्टी? मला वाटतं दोन्ही.

१८२९ मध्ये तिला गोवर झाला आणि तो असा उलटला की ती अंथरुणाला खिळली. कुबड्या घेऊन चालायला लागेपर्यंत १८३१ साल उजाडलं. तब्येतीने तिला पुढेही कधी नीट साथ दिली नाही.

५ जून १८३३ रोजी एका मेजवानीत सतरा वर्षांच्या एडाची बॅबेजशी ओळख झाली. बॅबेज तेव्हा एकेचाळीस वर्षांचे, केंब्रिजचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी डिफरन्स इंजिन नावाचं गणनयंत्र आखलं होतं. गणिती कोष्टकं हाताने तयार करताना आणि छापताना ज्या चुका होत, त्या टाळायला ती दातेरी चाकांनी मोजून थेट छापावीत, ही मूळ कल्पना. कोष्टकातली एक चूक म्हणजे समुद्रात वाट चुकलेलं जहाज, असा तो जमाना. पूर्ण यंत्र कधी झालं नाही, पण एक तुकडा बॅबेजनी घरी मांडून ठेवला होता. त्या महिन्यातच आई मुलीला घेऊन तो पाहायला गेली. येणारे पाहुणे यंत्राकडे जत्रेतल्या खेळासारखं बघायचे. एडाने मात्र ते चालतं कसं हे समजून घेतलं. तिथून जी मैत्री जमली ती शेवटपर्यंत टिकली.

१८३५ मध्ये विल्यम किंग यांच्याशी तिचं लग्न झालं. १८३८ मध्ये त्यांना अर्ल ऑफ लव्हलेस ही पदवी मिळाली आणि आपल्या पुस्तकातलं नाव तयार झालं. १८३६, १८३७ आणि १८३९ अशी तीन मुलं झाली. मुलं झाली की बाईने अभ्यास गुंडाळून ठेवायचा, ही रीत तिथेही होतीच. हिने उलट केलं. मेरी सॉमरव्हिल ही त्या काळातली नावाजलेली विदुषी तिला आधीपासून मार्गदर्शन करत होती. १८४० च्या सुमारास तिने ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे पत्राने उच्च गणित शिकायला सुरुवात केली. हो, तेच ते डी मॉर्गन, ज्यांच्या दोन नियमांशिवाय आपला डिजिटलचा पेपर सुटत नाही. त्यांचा जन्म आपल्याकडे मदुराईला झालेला, हे मात्र आपल्या डिजिटलच्या पुस्तकात सापडत नाही. थोडक्यात, तीन लहान मुलांची आई पोस्टाने कॅल्क्युलस शिकत होती. एडा पाठ करून पुढे जाणाऱ्यांतली नव्हती. एखादं चिन्ह इथे का आलं हे कळेपर्यंत ती मास्तरांना सोडत नसे.

आता कॉमेंटकडे येतो.

आमच्या शेवटच्या वर्षाच्या ग्रुपने पोस्टग्रेस या डेटाबेसवर प्रोजेक्ट घेतलं. हा १९८६ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात सुरू झालेला प्रकल्प. १९९६ पासून त्याचं नाव पोस्टग्रेसक्यूएल आहे आणि त्याचा सोर्स सगळ्यांना खुला आहे. आमचं स्वतःचं कोड त्यात जोडण्याआधी गाइड सरांनी सांगितलं, की तुमच्या कॉमेंट त्यांच्या पद्धतीने लावून आणा. ग्रुपमध्ये हे काम कोणाला नको होतं. कॉमेंट कंपायलर वाचत नाही, मार्क मिळवून देत नाही, मग त्या झाडत कशाला बसायचं? शेवटी ते माझ्याकडे आलं. (मेसमध्ये त्या दिवशी मी उशिरा पोचलो होतो, एवढंच कारण.)

करायला बसल्यावर कळलं की तिथे या गोष्टीचे चांगले काटेकोर नियम आहेत. ओळ ऐंशी रकान्यांच्या खिडकीत मावली पाहिजे. टॅब चार रकान्यांचा. दोन तिरक्या रेघांची कॉमेंट वापरायची नाही, स्लॅश आणि तारा यांची जुनी जोडीच हवी. अनेक ओळींची कॉमेंट असेल तर उघडणारी आणि मिटणारी खूण स्वतंत्र ओळीवर आणि मधल्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारा. पीजीइंडेंट नावाचं एक अवजार सगळ्या सोर्सवरून इस्त्रीसारखं फिरवतात. ते आत सरकवलेली कॉमेंट साधा मजकूर समजून तिच्या ओळी परत जुळवतं. एखादं कोष्टक किंवा आकृती कॉमेंटमध्ये काढली असेल आणि तिच्या ओळी जागच्या जागी राहायला हव्या असतील, तर सुरुवातीच्या खुणेला लागून आडव्या रेघा मारायच्या. मग इस्त्री तिथे फिरत नाही. आणखी एक. नुसती मांडणी बदलणारे जे मोठे बदल असतात, त्यांची यादी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेली असते, म्हणजे एखादी ओळ खरी कोणी लिहिली हे शोधताना झाडूवाल्याचं नाव पुढे येत नाही.

हे करताना कॉमेंट वाचाव्याच लागतात. आणि वाचलं की दिसतं, आमच्या हाती आलेल्या एका जुन्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये कॉमेंट म्हणते नोंदी चढत्या क्रमाने लावल्या आणि खाली कोड त्या उतरत्या क्रमाने लावतंय. दोघांतला एक खोटं बोलतोय. कोण, ते कंपायलर सांगणार नाही. लॅब असिस्टंट काकांनी तिथे डोकावून एवढंच सांगितलं, की बाबा, ही भानगड बॅबेजच्या काळापासूनची आहे, एडाचा तक्ता बघ. मी तक्ता बघितला आणि मग बाईंना सोडलंच नाही.

तर १८४० मध्ये बॅबेज इटलीत ट्युरिनला गेले होते. डिफरन्स इंजिन मागे पडून त्यांच्या मनात आता ॲनालिटिकल इंजिन होतं. ते एका ठराविक कामाचं यंत्र नव्हतं, कोणतंही गणित करू शकेल असं होतं. आकडे साठवायचं एक कोठार, ते दळायची एक गिरणी आणि काय करायचं ते सांगणारी भोकं पाडलेली कार्डं. बॅबेजनी यंत्राच्या भागांना ठेवलेल्या इंग्रजी नावांचा अर्थ खरंच कोठार आणि गिरणी असाच होतो. कार्डांची युक्ती फ्रान्सच्या जकार यांच्या मागावरून घेतलेली, ज्यावर कार्डांच्या हुकमाने रेशमात नक्षी विणली जात असे. ट्युरिनच्या सभेत लुइजी मेनाब्रेया हा तरुण लष्करी इंजिनिअर होता. त्याने ऐकलेल्यावरून फ्रेंचमध्ये लेख लिहिला आणि तो ऑक्टोबर १८४२ मध्ये जिनिव्हात प्रसिद्ध झाला. (हाच मेनाब्रेया १८६७ मध्ये इटलीचा पंतप्रधान झाला. इंजिनिअर कुठे पोचेल सांगता येत नाही!)

व्हीटस्टन यांच्या सुचवण्यावरून एडाने त्या लेखाचं इंग्रजी भाषांतर केलं. होय, ब्रिजवाले व्हीटस्टन. भाषांतर पाहून बॅबेजनी विचारलं, की ज्या विषयाची एवढी माहिती आहे त्यावर स्वतःचाच लेख का नाही लिहिला? ती म्हणाली, ते मला सुचलंच नाही. मग त्यांनी सुचवलं, की निदान मेनाब्रेयाच्या लेखाला टिपा जोडा.

ते टिपांचं काम १८४३ च्या उन्हाळ्यात झालं. अ ते ग पर्यंत, म्हणजे इंग्रजीतल्या पहिल्या सात अक्षरांच्या सात टिपा. सगळ्या मिळून मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट! प्रत्येक टिपेखाली फक्त तीन आद्याक्षरं, ए. ए. एल. पूर्ण नाव नाही. उमरावाच्या बायकोने यंत्राच्या लेखाखाली सही करावी असा तो काळ नव्हता. रॉयल सोसायटीत स्त्रिया फेलो म्हणून निवडल्या गेल्या त्या १९४५ साली, म्हणजे आणखी शंभर वर्षांनी. ती कागदोपत्री भाषांतरकार होती आणि टिपा म्हणजे समासातला मजकूर. पण आज मेनाब्रेयाचा मूळ लेख कोण वाचतं? लोक उघडतात त्या टिपा.

त्या उन्हाळ्यातली एडा आणि बॅबेज यांची पत्रं म्हणजे आपल्या सबमिशनच्या आदल्या आठवड्याची आठवण. एकाच दिवसात चिठ्ठ्या इकडून तिकडे. प्रुफं आली, गेली, कुठलं पान कोणाकडे आहे याचा घोळ. बॅबेजना दुसऱ्याच्या मजकुरात हात घालायची खोड होती. तिच्या टिपेत त्यांनी काही बदल करून टाकले तेव्हा तिने त्यांना सरळ कळवलं, की माझ्या वाक्यांत दुसऱ्याने फेरफार केलेले मला खपत नाहीत. वयाने चोवीस वर्षांनी मोठा, जगप्रसिद्ध माणूस आणि त्याचंच यंत्र! तरी ती बधली नाही. हे उर्मटपणाचं वाटेल, पण मला त्यात तिची बाजू पटते. ज्याने टीप लिहिली त्याला न विचारता दुसरा ती ‘नीट’ करायला गेला, की चिन्हं हलतात, आकडे सरकतात आणि वाक्य दिसतं मात्र पहिल्यापेक्षा देखणं.

या टिपांत काय आहे? पहिलीत तिने क्रिया आणि ज्यावर क्रिया करायची ती वस्तू यांना वेगळं केलं. बेरीज ही आकड्यांचीच असते असं नाही. ज्या गोष्टींमधले संबंध नियमांत बसतात त्या कोणत्याही गोष्टीवर यंत्र चालेल, उदाहरणार्थ सुरांवर. स्वरांचे संबंध नियमांत मांडता आले तर यंत्र संगीतही रचू शकेल. बॅबेजच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने आकडे होते. आकड्यांच्या पलीकडे हिचं लक्ष गेलं. माझ्या मते तिचं खरं मोठेपण इथे आहे, पहिली प्रोग्रॅमर की दुसरी या वादात नाही. (बॅबेजनी स्वतः १८३६ ते १८४० दरम्यान अशी काही उदाहरणं लिहून ठेवली होती, ती छापली नव्हती. तेव्हा ‘पहिली’ हा शब्द जरा जपून वापरावा.)

आणखी एक गोष्ट वाचून मी चाटच पडलो. यंत्रातल्या एकाच स्तंभात आधी एक आकडा असतो, नंतर त्यावर दुसरा येतो. मग कागदावर लिहिताना कोणत्या वेळचा आकडा म्हणतोय हे कसं कळणार? त्यासाठी त्या टिपांत चलाच्या डाव्या खांद्यावर छोटा अंक लिहिलाय. पहिल्यांदा आलेली किंमत एक, बदलली की दोन. आता पोस्टग्रेसमध्ये बघा. एखादी नोंद बदलली की जुनी पुसली जात नाही, नवी आवृत्ती वेगळी लिहिली जाते आणि प्रत्येक आवृत्तीवर ती कोणत्या व्यवहाराने जन्माला घातली आणि कोणत्या व्यवहाराने संपवली याचे आकडे असतात. एकातून दुसरं आलं असं मी म्हणत नाही. पण अडचण तीच आणि उत्तरही त्याच जातीचं.

पुढच्या टिपांत लूप आहे. त्याच त्या क्रिया पुन्हा करायच्या असतील तर कार्डं मागे फिरवायची. दहा समीकरणं सोडवायला जिथे तीनशेच्या वर क्रियाकार्डं लागली असती तिथे तीन पुरतात, असा हिशोब तिने मांडलाय.

आणि मग शेवटची टीप, म्हणजे तो सुप्रसिद्ध तक्ता. उदाहरण म्हणून तिने बर्नुलीचे अंक घेतले. एक्स भागिले ई चा एक्सवा घात वजा एक, याचा विस्तार केला की सहगुणकांत जे अंक येतात ते. प्रत्येक अंक काढायला आधीचे सगळे लागतात, म्हणून यंत्राची परीक्षा घ्यायला झकास. बॅबेजनी आपल्या १८६४ च्या आत्मचरित्रात लिहिलंय, की यातली बीजगणिताची कटकट वाचावी म्हणून ती त्यांनी स्वतः करून दिली होती, आणि एडाने ती परत पाठवली, कारण त्यांच्या गणितात तिला मोठी चूक सापडली होती. बॅबेज काही लोकांना उगाच श्रेय वाटत फिरणारे नव्हते, म्हणून ही कबुली मला खरी वाटते.

तक्ता पंचवीस क्रियांचा आहे. रकाने असे: क्रियेचा क्रमांक, कोणती क्रिया, कोणत्या चलांवर, उत्तर कोणत्या चलात, कोणाची किंमत बदलली, आणि मग एक रकाना, उत्तराचा अर्थ काय. उजवीकडे सगळ्या चलांचे स्तंभ. तेरा ते तेवीस या क्रिया पुन्हा करायच्या आहेत हेही त्यात लिहिलंय. तिने तो पेन्सिलीने आखला आणि लव्हलेससाहेबांनी बसून त्यावर शाई फिरवली. नवऱ्याला फेअर करायला बसवणं ही कल्पना आमच्या हॉस्टेलच्या मुलींना फार आवडेल!

तो अर्थाचा रकाना नीट बघा. यंत्राला त्याची गरज नाही. कार्डावर तो जाणार नाही. तो फक्त वाचणाऱ्या माणसासाठी आहे. म्हणजे काय झालं? प्रत्येक ओळीसमोर कॉमेंट, तीही एका रेषेत लावलेली.

आता काकांनी सांगितलेली भानगड. चौथी क्रिया भागाकाराची आहे. चौथ्या चलात आहे दोन एन वजा एक, पाचव्या चलात दोन एन अधिक एक. छापील तक्त्यात लिहिलंय, पाचवा भागिले चौथा. पण त्याच ओळीत अर्थाच्या रकान्यात छापलंय, दोन एन वजा एक भागिले दोन एन अधिक एक, म्हणजे चौथा भागिले पाचवा. सूत्राला हवंय ते हेच. तेव्हा कोड चुकलंय आणि कॉमेंट बरोबर आहे! जगातल्या या पहिल्या छापील प्रोग्रॅममधला हा छापील बग.

किती फरक पडतो ते मी रफ वहीत करून पाहिलं, तुम्हीही करा. तिच्या तक्त्यात एनची किंमत चार आहे. भागाकार बरोबर घेतला तर सुरुवातीचं पद वजा सात भागिले अठरा येतं आणि बाकीची पदं जोडली की उत्तर वजा एक भागिले तीस. आजच्या क्रमांकाने हा आठवा बर्नुली अंक, अगदी बरोबर. छापल्याप्रमाणे उलटा भागाकार केला तर तेच पद वजा नऊ भागिले चौदा होतं आणि बाकी सगळी चिन्हं नीट सांभाळली तरी उत्तर येतं १३९ भागिले ६३०. चिन्हसुद्धा उलटं! जहाज खडकावर. कोष्टकातल्या चुका टाळायला जे यंत्र निघालं, त्याच्याच कोष्टकात ही चूक. पण शेजारचा रकाना तिथे होता म्हणून, यंत्र कधीच न बनूनही, कोणालाही नुसतं वाचून ती पकडता येते. तो रकाना जागा वाचवायला गाळला असता तर पाचवा भागिले चौथा हेच खरं मानून आपण बसलो असतो. आणि रकाना एक ओळ जरी खाली सरकला असता, तरी तो असून नसल्यासारखा.

छपाई अगदी टोकाला आलेली असताना दोघांचं वाजलं. १८४२ च्या नोव्हेंबरात सरकारने डिफरन्स इंजिनवरून हात काढून घेतला होता. तोवर सुमारे सतरा हजार पौंड खर्च झाले होते. बॅबेजचा सरकारवर राग होता आणि तो स्वाभाविक होता. त्यांनी त्या रागाचं एक निवेदन लिहिलं आणि ते बिनसहीचं, एडाच्या लेखाला जोडून छापावं म्हणून धरून बसले. ते जमेना तेव्हा त्यांनी तिला लेखच मागे घ्यायला सांगितलं. ती ठाम नाही म्हणाली. टिपा यंत्र समजावण्यासाठी आहेत, भांडण मांडण्यासाठी नाहीत. लेख १८४३ च्या उन्हाळ्याअखेर टेलर यांच्या सायंटिफिक मेमॉयर्समध्ये तिच्या म्हणण्याप्रमाणेच आला. त्याच सुमारास तिने बॅबेजना सोळा पानी पत्र लिहिलं, की यंत्राचं व्यावहारिक काम, लोकांशी बोलणं, पैसा उभा करणं हे मी बघते, तुम्ही यंत्र बघा. बॅबेजनी नकार दिला. तो दिला नसता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. बॅबेजचं डोकं आणि एडाचं बोलणं एकत्र आलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. मैत्री मात्र तुटली नाही.

पुढची वर्षं चटका लावणारी आहेत. असं दुसरं काम तिच्या हातून झालं नाही. दुखणी, वेदनेवर अफू, आणि घोड्यांच्या शर्यतींचा नाद. पैजांत हजारो पौंड गेले, घराण्याचे हिरे गहाण पडले. गणिताने कवितेचा ताप उतरवता येतो असं मानणाऱ्या आईला शेवटी मुलीच्या उशाशी बसून सगळं निस्तरावं लागलं. गर्भाशयाच्या कर्करोगाने तिला महिनोन्‌महिने छळलं, त्या काळच्या डॉक्टरांनी वर रक्तही काढलं. शेवटच्या दिवसांत चार्ल्स डिकन्स तिला भेटायला आले आणि त्यांनी आपल्या कादंबरीतला उतारा तिला वाचून दाखवला. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी ती गेली. वय छत्तीस, वडील गेले तेव्हाचंही वय छत्तीसच. तिच्या इच्छेप्रमाणे तिला नॉटिंगहॅमशायरमधल्या हकनॉलच्या चर्चमध्ये, ज्यांना तिने पाहिलं नव्हतं त्या वडिलांशेजारी ठेवलं.

नंतर शंभर वर्षं त्या टिपा बहुतेक विसरलेल्याच होत्या. १९५० मध्ये ॲलन ट्युरिंगनी आपल्या गाजलेल्या निबंधात तिच्या एका मताशी वाद घातला. यंत्र स्वतः होऊन नवं काही करत नाही, आपण सांगू तेवढंच करतं, असं ते मत. ट्युरिंगनी त्याला तिचंच नाव देऊन उत्तर दिलं. १९५३ मध्ये बोडेन यांच्या पुस्तकात टिपा परत छापून आल्या, तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगणक नुकते चालू झाले होते आणि वाचणारे इंजिनिअर थक्क झाले. ॲनालिटिकल इंजिन कधीच पूर्ण झालं नाही. बॅबेजचं दुसरं डिफरन्स इंजिन मात्र लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये मूळ आराखड्यावरून बांधलं आणि ते चाललं.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या नव्या प्रोग्रॅमिंग भाषेला एडा हे नाव दिलं. तिचं मानक १० डिसेंबर १९८० या तारखेने, म्हणजे बाईंच्या वाढदिवशी, मंजूर झालं आणि त्याला क्रमांक दिला १८१५. या भाषेत कॉमेंट लिहायची एकच पद्धत आहे. दोन आडव्या रेघा ओढायच्या, पुढे ओळ संपेपर्यंत जे लिहाल ते माणसासाठी. लॅबमध्ये एसक्यूएलची क्वेरी लिहितानाही आपण कॉमेंटसाठी याच दोन रेघा ओढतो.